तिला तुमची भाषा कळते

विमानतळांवर काउंटरमागे, तपासणीच्या रांगेत आणि विमानात काम करणाऱ्या माझ्या भावाबहिणींना,

सप्रेम नमस्कार.

मी उत्तर गोव्यातल्या एका बालसंस्थेत गेली १९ वर्षं काम करते. मुलं मला ताय म्हणतात. आमच्याकडची मुलं दत्तक जातात, बहुतेक भारतातच, काही परदेशी. परदेशी जाणाऱ्या मुलाला आम्ही टर्मिनलच्या दारापर्यंत सोडतो. तिथून पुढे तिकीट असलेल्यालाच सोडतात, म्हणजे आम्ही बाहेर आणि मूल आत. मोपाचा नवा विमानतळ सुरू होण्यापूर्वी दाबोळीच्या विमानतळावर जायचो, मांडवी आणि झुआरी असे दोन्ही पूल ओलांडून, मूल मांडीवर झोपलेलं. जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यापासून बऱ्याचदा पेडण्याच्या वाटेनं पठारावर चढतो. निरोपाची जागा मात्र तीच, दार. त्या दारापलीकडे तुम्ही असता, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. त्या मुलाला तुमची भाषा कळते. त्याच्या नव्या आईवडिलांना कळत नाही, पण त्याला कळते.

दत्तक म्हटलं की तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ येत असेल. परदेशी जाणारं मूल सहसा तसं नसतं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे निरोगी तान्ह्या बाळांसाठी आधी भारतातल्या आईवडिलांचा विचार होतो, आणि त्यांच्याच रांगेत अनिवासी भारतीयांचा. ज्यांना इथे घर मिळत नाही अशी मुलं पुढे परदेशी जातात. कुणी पाच-सात वर्षांची झालेली असतात, कुणी भावंडांसकट असतात, कुणाच्या हृदयाला, पायाला किंवा कानाला काही दुखणं असतं. म्हणजे तुमच्यापुढे उभं राहतं ते चांगलं बोलतं-चालतं मूल. ते कोंकणी बोलतं, मराठी बोलतं, टीव्हीवरून हिंदी उचलतं. त्याच्याएवढं कान देऊन ऐकणारं मूल तुम्ही घरात पाहिलं नसेल, कारण आपलं पुढे काय होणार हे त्याला आजवर मोठ्यांच्या बोलण्यातूनच कळत आलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मुलीचं नाव लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानं अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. आमच्याकडे मुलींना बाय म्हणतात, तेच इथेही म्हणते.

बाय साडेपाच वर्षांची होती. ओठाचं आणि टाळूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे काही अक्षरं नाकातून यायची, पण तोंड अखंड चालू. तिला न्यायला अमेरिकेहून आई आणि बाबा आले. त्याआधी कित्येक महिने आम्ही दोघी रोज संध्याकाळी त्यांनी पाठवलेला फोटोंचा अल्बम घेऊन बसायचो. ही तुझी खोली, हा तुझा कुत्रा, ही आजी. कुत्र्याचं पान चिकटपट्टी लावून लावून जाड झालं होतं. आईनं एका छोट्या वहीत कोंकणी शब्द लिहून पाठ केले होते: उदक, जेवण, दुखता, न्हीद, घरा. तिचे उच्चार ऐकून बाय खूश व्हायची आणि मास्तरीण होऊन तिला पुन्हा म्हणायला लावायची.

संस्थेतून निघायच्या दिवशी आमच्या जेवण करणाऱ्या मावशीनं तुळशीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. ‘बा म्हाराजा, ह्या लेकरू लांबच्या वाटेक लागला हा, तेका सांभाळ.’ बाकीची पोरं दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती, आणि बायही म्हणत होती. आपल्यासाठीच चाललंय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग हातावर दही घातलं, ते तिनं चाटून टाकलं आणि आणखी मागितलं.

पुढचे तीन दिवस ती आईबाबांबरोबर हॉटेलात होती. चौथ्या दिवशी व्हिसाच्या कामाला दिल्लीला निघायचं होतं. नव्या जागी तिला माझ्याशिवाय झोप लागत नव्हती, म्हणून दिल्लीपर्यंत सोबत करायचं ठरलं. मी हॉटेलवर पोहोचले तेव्हा बाबा वहीत बघून मोठ्या आनंदानं म्हणाले, ‘घरा वचूया.’ म्हणजे घरी जाऊया. बायनं पलंगावरून उडी मारली, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. तिच्या लेखी घर म्हणजे आमचा लांब हॉल, ओळीनं घातलेल्या चटया आणि सकाळची पेज. गाडी संस्थेच्या वळणावरून सरळ पुढे गेली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. तोंड मिटून घेतलं, ते विमानतळ येईपर्यंत उघडलंच नाही.

हे एवढं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या काउंटरपुढे जे मूल येतं ते नुकतंच त्या वळणावरून आलेलं असतं.

त्या प्रवासात विमान बदलायचं होतं. पुढचा प्रसंग कोणत्या विमानतळावर, कोणत्या कंपनीच्या काउंटरवर घडला ते लिहीत नाही. काउंटरवरच्या त्या दोघांना नोकरीत त्रास व्हावा असं मला वाटत नाही. दोघंही पंचविशीच्या आतली, आणि रात्रपाळीवर असावीत.

पासपोर्ट बघून त्या मुलानं बायला हाक मारली. पासपोर्टावर तिचं नवं नाव होतं, अमेरिकन आडनावासकट. बाय ढिम्म. त्यानं पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. तिनं मागे वळून पाहिलं, हे नाव कुणाचं म्हणून.

‘बघ, नावाला ओसुद्धा देत नाही,’ तो शेजारणीला मराठीत म्हणाला. ‘कुठून उचलून आणलीय कोण जाणे.’

‘विकत घेतात रे,’ ती म्हणाली. ‘डॉलरमध्ये. आपल्याकडे गरिबांची पोरं मिळतात की.’

‘कितीला पडली असेल?’

दोघं हसली. समोरची माणसं हसतायत हे बघून आईबाबाही हसले, आणि बाबांनी बायच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी दोन पावलं मागे उभी होते. मी काही बोलले नाही. कागद अडवतील, विमान चुकेल, व्हिसाची तारीख हुकेल, असं सगळं मनात आलं आणि गप्प बसले. ते मला अजून खुपतं. तेव्हा न बोललेलं आता लिहिते आहे.

विमान वर गेलं, पट्ट्यांचे दिवे विझले. बायनं खिडकीतून तोंड वळवलं आणि विचारलं, ‘ताय, माका इकत घेतल्यानी?’

‘नाय गो बाय. कोण म्हणता?’

‘तो सायब.’

मग बराच वेळ ती पुढच्या सीटच्या पाठीवर बोटानं रेघा ओढत राहिली. आणि मग म्हणाली, ‘कितक्याक?’ म्हणजे कितीला.

साडेपाच वर्षांच्या मुलीला याचं काय उत्तर द्यायचं ते मला आजही सापडलेलं नाही. मी म्हटलं, माणूस पैशांनी मिळत नाही, आई तुझ्यासाठी कोंकणी शिकली की नाही? ‘थोडी,’ ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

मूल दत्तक गेलं की पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तिकडून अहवाल येतो. बायच्या पहिल्याच अहवालात, शाळा आणि वजन-उंची यांच्यामध्ये एक ओळ होती. दुकानात आई पैसे द्यायला लागली की मुलगी तिचा हात ओढते. कारण समजलेलं नाही, असं तिथल्या कार्यकर्तीनं लिहिलं होतं. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल. मग मी त्या कार्यकर्तीला पत्र लिहून कारण कळवलं, निदान मला जे वाटतं ते.

आता तुमच्या बाजूनं विचार करते. गोऱ्या जोडप्याच्या हातात सावळं मूल, मूल बावरलेलं, हाक मारली तर ओ देत नाही. तुम्हाला शंका यायलाच हवी. कुणी मूल पळवून नेत असेल तर त्या मुलाला अडवू शकणारी शेवटची माणसं तुम्हीच आहात. शंका घेऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही. परदेशी दत्तकाच्या नावाखाली या देशात वाईट प्रकार झालेले आहेत. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. दत्तकाच्या नावाखाली कोवळ्या मुलांना दूरदेशीच्या जीवघेण्या प्रवासाला लावतात आणि त्यातून जगली-वाचली तर पुढे त्यांचे हाल होतात, अशी तक्रार त्यात होती. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. फेब्रुवारी १९८४ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला आणि परदेशी दत्तकासाठी कोणकोणत्या पायऱ्या चढायच्या ते घालून दिलं. आज आमच्या मुलांच्या हातात जी जाड फाइल असते ती त्या पत्रातून सुरू झाली आहे. त्या पत्रात प्रवासाचा उल्लेख होता, हे मी नव्या मुलींना काम शिकवताना मुद्दाम सांगते.

तर ती फाइल बघा, नीट बघा. तिच्यात केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं, आम्ही ज्याला कारा म्हणतो त्याचं, ना हरकत प्रमाणपत्र असतं. दत्तकाचा आदेश असतो. हा आदेश पूर्वी कोर्ट द्यायचं, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, म्हणून जुन्या कागदावर न्यायाधीशांची सही दिसेल आणि नव्यावर जिल्हाधिकाऱ्यांची, दोन्ही खरेच. नवा जन्मदाखला असतो, त्यावर आई-वडील म्हणून समोर उभ्या असलेल्यांचीच नावं असतात. आणि १९९३ च्या हेग कराराच्या २३व्या कलमाखालचं प्रमाणपत्र असतं. भारत या करारात २००३ साली आला. हे दत्तक करारातल्या रीतीप्रमाणे झालं आहे असं ते प्रमाणपत्र सांगतं आणि करारातल्या बाकीच्या देशांनी ते मानायचं असतं. हे कागद जुळले तर तुमच्या शंकेचं उत्तर तुमच्या हातातच आहे. नाही जुळले तर वरिष्ठांना बोलवा, आम्हाला फोन लावा, विमान थांबवायचं असेल तर थांबवा. संस्थेचा फोन नंबर फाइलच्या पहिल्याच पानावर असतो, आम्ही तो रात्रीसुद्धा उचलतो.

पण हे विचारताना मुलाला त्यातून बाजूला काढा. आईला चार पावलं पलीकडे खुर्चीवर बसवा, मूल तिच्याजवळ, आणि बाबांना पुढे घ्या. बाबांशी इंग्रजीत हवं तेवढं बोला. सोबतच्या माणसाशी आपल्या भाषेत काही बोलायचं असेल तर हे मूल आपल्या शेजारचं आहे असं समजून बोला. खरी आई कुठे आहे, हिला टाकून दिली का, तिकडे नेऊन काय करणार, हे मराठीत, कोंकणीत, हिंदीत मोठ्यानं विचारू नका. बऱ्याचदा हे प्रश्न वाईट हेतूनं येत नाहीत. मायेनंही येतात. चांगल्या घरच्या बायकाही विचारतात, ‘शी गो, आवयनं सोडलं कसं?’ पण ते मूल खाली उभं असतं, तुमच्या काउंटरच्या कडेच्याही खाली, आणि तिथून तुमचा चेहरा दिसत नाही, नुसतं बोलणं ऐकू येतं.

नावाचं तर साधं आहे. पासपोर्टावरचं नाव त्याला पंधरा-वीस दिवसांचं जुनं असतं. ओ दिली नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. तुम्ही नुसतं ‘बाय’ म्हणा, ‘बाबू’ म्हणा, ते लगेच बघेल. मग विचारा, जेवलीस? हे कोण तुझं? असं विचारलंत तर तपासही होतो. घाबरवून आणलेलं मूल आणि नव्या माणसांना लाजणारं मूल यातला फरक त्याच्या भाषेतल्या दोन प्रश्नांत कळतो, आणि तो तुम्हालाच कळू शकतो, पुढच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याला नाही.

सुरक्षा तपासणीतल्या ताईंना एक वेगळं सांगायचं आहे. आमच्याकडून निघताना प्रत्येक मुलाबरोबर मी माझ्या जुन्या कापडाचा हातभर तुकडा देते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही साडीला कापड म्हणतो. न धुतलेला देते, मुद्दाम. त्याला आमच्या स्वयंपाकघराचा, माझ्या अंगाचा वास असतो, आणि मूल तो नाकाशी धरून झोपतं. तपासणीत तो तुकडा ट्रेमध्ये टाकायला लावतात, ट्रे रबरी पडद्यांच्या आत जातो, आणि मूल ओरडतं. बाय इतकी ओरडली की रांगेतली माणसं कान झाकून घेऊ लागली. ‘मिळेल गं पलीकडे’ असं तिथल्या ताईंनी प्रेमानंच सांगितलं. पण आजवर जे जे तिच्या हातातून गेलं ते पलीकडे मिळालेलं नव्हतं, मग तिनं विश्वास कशावर ठेवायचा? तपासणी नको असं म्हणत नाही. आईला आधी पलीकडे सोडा, तिला पट्ट्याच्या तोंडाशी उभी करा आणि मुलाला त्याच्या हातानं कापड ट्रेमध्ये ठेवू द्या. या बाजूला बाबा थांबतील. फार तर एक मिनिट जास्त जाईल. आणि झडतीच्या वेळी पडद्याआड मुलाला एकटं नेऊ नका, आईला बरोबर घ्या.

विमानातल्या मुलींबद्दल मला चांगलंच लिहायचं आहे. त्याच प्रवासात, उतरायच्या वेळी, बायचे कान दुखायला लागले. टाळू फाटलेल्या मुलांना कानांचा त्रास आधीच असतो. घशातून कानाकडे जाणारी नळी उघडण्याचं काम टाळूचे स्नायू करतात, ते या मुलांमध्ये कमजोर असतात, आणि विमान खाली येताना दाब बदलला की कान पटकन मोकळा होत नाही. आईला हे माहीत होतं, पण ‘जांभई दे’ हे तिच्या वहीत नव्हतं, आणि माझी सीट तेव्हा मागे पडली होती. पट्टी सोडून उठता येईना. एक हवाईसुंदरी आली, गोव्याचीच असणार, कारण तिनं गुडघ्यावर बसून विचारलं, ‘कान दुखता गो बाये?’ बाय रडायची थांबली. त्या अख्ख्या विमानात आपल्या भाषेत बोलणारं तिसरं माणूस आहे हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ‘आ कर पळोवया, व्हडलो आ.’ तिनं स्वतः एवढा मोठा आ केला की बायला हसू आलं. मग पाण्याचे छोटे छोटे घोट दिले, आणि मग जाऊन आपल्या खुर्चीला पट्टी लावून बसली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. ती हे वाचत असेल तर तिला सांगते, बायच्या अल्बममध्ये कुत्र्याशेजारी आता तुझं चित्र आहे, बायनंच काढलेलं, निळा फ्रॉक आणि उघडं तोंड.

सहप्रवाशांनो, तुम्ही या पत्राच्या मायन्यात नाही, पण वाचत असालच. त्या मुलाचे फोटो काढू नका. त्याच्या आईबाबांना पुण्य लागेल असंही म्हणू नका. मुलाच्या कानावर ते आपण दान दिलेली वस्तू आहोत असं पडतं. शेजारी बसायची वेळ आली तर त्याला खिडकी द्या, पुष्कळ झालं.

हे पत्र आत्ताच लिहायचं कारण असं की पुढच्या महिन्यात आमच्याकडून दोन भावंडं निघतायत, सात वर्षांचा भाऊ आणि चार वर्षांची बहीण. भावाला देवनागरी वाचता येतं, त्यामुळे तुमच्याकडच्या सगळ्या पाट्या तो मोठ्यानं वाचत येईल. बहिणीचा हात तो सोडत नाही, झाडावरून आंबा पडला तरी एकाच हातानं उचलतो. त्यांना तपासणीत वेगळं करायची वेळ आली तर आधी त्याला सांगा, किती वेळ आणि कुठे, आणि जे सांगाल तेवढ्याच वेळात परत आणा.

त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे, ती त्यानं मला महिनाभर विचारली आणि मला सांगता आली नाही. विमान वर गेलं की चाकं कुठे जातात? त्याचे नवे बाबा सांगू बघतात, पण ते इंग्रजीत. गेटवर तो तुमच्यापैकी कुणाला तरी विचारणार आहे. अर्धा मिनिट फुरसत असली तर त्याला कोंकणीत सांगा, मराठीत सांगितलंत तरी चालेल.

आपली,
ताय